डॉसमध्ये फाइल कॉपी करताना वेळ जातो कुठे?

तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसानं संगणकावर बोलायचं, आणि तेही तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या काळ्या पडद्याच्या संगणकावर, म्हटल्यावर तुमच्यातले काही जण निव्वळ गंमत बघायला आले असतील. हरकत नाही. पण विषय तुम्हाला वाटतो तेवढा परका नाही. निदान धुळ्यात तरी नसावा. या गावात श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून जमवलेली रामदासी बाडं तिथं आहेत, आणि त्यांत समर्थांच्या हातचं मानलं जाणारं वाल्मीकी रामायण आहे. आता ते रामायण म्हणजे काय? ती एक नक्कल आहे. समोर एक पोथी ठेवून तिच्यावरून दुसरी लिहून काढलेली. याच गावात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. तिथल्या जुन्या अभ्यासकांशी बोललात की अस्सल कागद कोणता आणि नकलेचा कागद कोणता, यावर तासभर ऐकायला मिळतं. तेव्हा नक्कल कशी करावी, लवकर कशी करावी, आणि केलेल्या नकलेवर विश्वास कधी ठेवावा, हे प्रश्न इथल्या मातीतलेच आहेत. मी ते फक्त फ्लॉपीवर आणून ठेवणार आहे.

पोथी नकलणारा लेखक काय करतो ते डोळ्यांसमोर आणा. मूळ पोथीकडे बघतो, काही शब्द मनात धरतो, मान वळवतो, आपल्या कागदावर उतरवतो, पुन्हा मान वळवतो. आता एक लेखक एका वेळी एकच शब्द मनात धरतो आणि दुसरा अख्खी ओवी धरतो. बोरू दोघांचा सारख्याच वेगानं चालतो. तरी दुसऱ्याचं काम कितीतरी आधी संपतं. का? त्याच्या मानेच्या फेऱ्या कमी झाल्या म्हणून. लिहिण्याचा वेळ तोच राहिला, येण्याजाण्याचा वाचला. एवढं लक्षात ठेवलंत तर आजच्या व्याख्यानातला अर्धा भाग तुमच्या पदरात पडला.

आता डॉस. तरुण श्रोत्यांसाठी दोन वाक्यं सांगतो. विंडोज घरोघर येण्याआधी मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर 'सी' हे अक्षर, एक कोलन आणि एक टिचकी मारणारी रेघ एवढंच दिसायचं. त्याला प्रॉम्प्ट म्हणायचे. काय हवं ते टंकून सांगायचं. फाइल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायची तर 'कॉपी' असं टंकायचं. काम झालं की मशीन इंग्रजीत सांगायचं, 'वन फाइल कॉपीड'. या तीन शब्दांकडे आपण पुढे परत येणार आहोत.

जळगावला १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं, त्याच सुमारास आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या कचेऱ्यांत ही मशीनं यायला लागली. नेटवर्क वगैरे काही नव्हतं. जळगावची माहिती धुळ्याला न्यायची तर फ्लॉपी खिशात घालायची आणि एरंडोल-पारोळ्यावरून एसटीनं यायचं. माझ्या विभागाच्या टिपणांच्या फ्लॉप्या मी स्वतः अशा नेल्या-आणल्या आहेत. बसमध्ये अडीच-तीन तास जायचे त्याचं काही वाटायचं नाही, पण फ्लॉपीवर कॉपी होताना ती ड्राइव्ह कर्र कर्र करत पाच-दहा मिनिटं लावायची तेव्हा जीव खाली-वर व्हायचा. मग मी, आमच्या धंद्याला साजेसा, प्रश्न विचारला : हा वेळ जातो कुठे?

हिशेब करू. साडेतीन इंची, १.४४ एमबीची फ्लॉपी घ्या. तिच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० गोल पट्टे, म्हणजे ट्रॅक. प्रत्येक ट्रॅकवर १८ कप्पे, म्हणजे सेक्टर, आणि एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. फ्लॉपी मिनिटाला ३०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ५ फेरे. एका फेऱ्यात वाचणाऱ्या हेडखालून १८ गुणिले ५१२, म्हणजे ९,२१६ बाइट सरकतात. सेकंदाला झाले ४६,०८०. दोन्ही बाजू मिळून १६० ट्रॅक, प्रत्येकाला सेकंदाचा पाचवा भाग. सगळी फ्लॉपी ३२ सेकंदांत वाचून व्हायला हवी. हेड एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर सरकायला थोडा वेळ लागतो, तो धरा. तरी मिनिटाच्या आत-बाहेर. मग दहा मिनिटं का लागतात?

कारण फ्लॉपीवर नुसता मजकूर नसतो, दप्तरही असतं. आपल्याकडे गावात कशी एक चावडी असते आणि शेतं चहूकडे पसरलेली असतात, तसं. कोणती फाइल कुठल्या कप्प्यापासून सुरू होते याची यादी, म्हणजे डिरेक्टरी. आणि कोणता कप्पा कोणाच्या ताब्यात, त्याच्यापुढचा कप्पा कोणता, याचं तलाठ्यासारखं रजिस्टर, ज्याला फाइल अलोकेशन टेबल म्हणतात. हे रजिस्टर इतकं महत्त्वाचं की त्याच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात. १.४४ च्या फ्लॉपीवर या सगळ्या दप्तराला मिळून ३३ सेक्टर लागतात आणि ते सगळे अगदी सुरुवातीला, फ्लॉपीच्या बाहेरच्या कडेला असतात. मजकूर आतल्या ट्रॅकांवर. म्हणजे फाइल लिहायची तर हेडनं आधी चावडीवर जायचं, या नावाची फाइल आधीच आहे का बघायचं, नोंद करायची, मग शेतात जाऊन मजकूर टाकायचा, मग पुन्हा चावडीवर येऊन दोन्ही रजिस्टरं आणि यादी पुरी करायची. पुढच्या फाइलला हाच क्रम पुन्हा.

आता समजा, चार-चार केबीच्या शंभर छोट्या फाइली आहेत. मजकूर झाला चारशे केबी. वरच्या वेगानं तो लिहायला नऊ सेकंदही लागू नयेत. पण दर फाइलीमागे चावडीच्या खेपांत समजा एकच सेकंद गेला, तर शंभर सेकंद नुसते चालण्यात गेले. नऊ सेकंदांचं काम आणि शंभर सेकंदांची पायपीट! भरीत करायला शंभर वांगी हवीत म्हणून बाजारात शंभर वेळा जाऊन एकेक वांगं आणणाऱ्या माणसाला आपण काय म्हणू? (हशा) डॉसची साधी 'कॉपी' आज्ञा नेमकी तशी वागते. एक फाइल उघडायची, वाचायची, लिहायची, बंद करायची, मग दुसरी. त्यात फ्लॉपीची मोटर दोन सेकंद रिकामी राहिली की बंद पडते, आणि पुन्हा वेगात यायला वेळ घेते. तो आणखी एक भुर्दंड.

म्हणून पहिला उपाय हा की पिशवी घेऊन बाजारात जायचं. १९८६ साली डॉसच्या ३.२ या आवृत्तीत 'एक्सकॉपी' नावाची आज्ञा आली. ती मेमरीत मावतील तेवढ्या फाइली आधी एकामागून एक वाचून घेते आणि मग लिहायला बसते. अख्खी ओवी मनात धरणारा लेखक तो हाच. वाचायच्या आणि लिहायच्या जागा वेगळ्या असल्या, एकीकडे फ्लॉपी आणि दुसरीकडे हार्डडिस्क, तर फरक चटकन जाणवतो. पण एक लक्षात घ्या : एक्सकॉपीनं वाचण्या-लिहिण्यातली मानेची फेरी वाचते, चावडीची वाचत नाही. नोंद दर फाइलीची होणारच.

चावडीची खेप वाचवायची असेल तर शंभर फाइलींची एक फाइल करायची. १९८९ साली फिल कॅट्झ यांचा 'पीकेझिप' आला, पुढे 'एआरजे' आला. त्यांचा बोलबाला झाला तो फाइल लहान होते म्हणून. माझ्या मते त्यांचा दुसरा गुण जास्त मोलाचा होता. शंभर पोत्यांच्या शंभर पावत्या फाडण्याऐवजी एकच पावती. हार्डडिस्कवर सगळं एका गाठोड्यात बांधायचं, ते एक गाठोडं फ्लॉपीवर टाकायचं, पलीकडे हार्डडिस्कवर सोडायचं. छोट्या फाइली खूप असतील तर मला याच्याइतका गुणकारी इलाज दुसरा सापडला नाही. आणि हा इलाज जुना झालेला नाही. आज पेनड्राइव्हवर हजारो बारीक फोटो टाकताना जो रखडतो, त्याचंही दुखणं बव्हंशी हेच असतं.

दुसरी गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. एकाच डिरेक्टरीत किती फाइली कोंबायच्या? डॉसची यादी अकारविल्हे नसते. नवी फाइल घालायची तर त्या नावाची आधी नाही ना, हे पाहायला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत जावं लागतं. पहिल्या फाइलीला काहीच वाचावं लागत नाही, पाचशेव्या फाइलीला पाचशे ओळी, हजाराव्याला हजार. सगळ्यांची बेरीज केलीत तर हजार फाइलींसाठी पाच लाख ओळी वाचून होतात. एका सेक्टरमध्ये १६ नोंदी मावतात, म्हणजे हजार नोंदींना ६३ सेक्टर. आता डॉसकडे 'बफर्स' नावाची छोटी फळी असते, नुकतेच वाचलेले सेक्टर हाताशी ठेवायला. नेहमीच्या मशीनवर ती १५ सेक्टरांची. ६३ सेक्टरांची यादी १५ च्या फळीवर मावणार कशी? एक ठेवायला गेलं की दुसरं खाली पडतं. मग तीच यादी पुन्हा पुन्हा डिस्कवरून वाचत बसायचं. फाइली वाढतात तसतसा वेग मंदावत का जातो, याचं उत्तर हे आहे. इलाज दोन : कॉन्फिग फाइलीत बफर्सचा आकडा चाळीस-पन्नास करायचा, किंवा फाइली दहा डिरेक्टऱ्यांत वाटायच्या. मला दुसरा बरा वाटतो. फळी फारच लांब केली तर फळीवर शोधण्यातच वेळ जातो, आणि आपली ६४० केबीची मेमरी आधीच तुटपुंजी.

आणखी एक, की जे बदललेलंच नाही ते कशाला कॉपी करता? प्रत्येक फाइलीला एक खूण असते, ती बदलली की डॉस ती खूण लावतं. एक्सकॉपीला 'स्लॅश एम' जोडलं की ती फक्त खूण असलेल्या फाइली घेते आणि कॉपी झाल्यावर खूण पुसते. याचा एक सुरेख उपयोग होता. पाच फ्लॉप्यांत मावेल एवढा मजकूर असला तर आधी 'अॅट्रिब' या आज्ञेनं सगळ्यांना खूण लावायची, मग एक्सकॉपी स्लॅश एम. पहिली फ्लॉपी भरली की मशीन जागा नाही म्हणून थांबतं. दुसरी घाला, तीच आज्ञा द्या. उरलेल्यांपासून पुढे सुरू. कुठवर आलो होतो ते वहीत टिपून ठेवायची गरज नाही. एका फ्लॉपीच्या दहा प्रती काढायच्या असत तेव्हाही फेऱ्यांचाच प्रश्न यायचा. 'डिस्ककॉपी'ला मोकळी मेमरी पाचशे केबी मिळाली तर १.४४ ची एक प्रत काढायला फ्लॉपी तीनदा आत-बाहेर. डॉस ६.२ नं हार्डडिस्कवर तात्पुरती प्रत ठेवायला सुरुवात केली आणि ती अदलाबदल थांबली.

आता मी ज्यासाठी हे व्याख्यान द्यायचं कबूल केलं त्या भागाकडे येतो.

स्मार्टड्राइव्ह. ही फळी नव्हे, कोठार. मशीनमध्ये जास्तीची मेमरी असेल तर तिच्यात हार्डडिस्कवरचा मजकूर साठवून ठेवणारा हा प्रोग्राम. वारंवार लागणारं दप्तर डिस्कवरून न आणता मेमरीतून द्यायचं. चावडीच एक प्रकारे शेताच्या बांधावर आणून ठेवली. याचा परिणाम इतका मोठा होता की, पुढे विंडोज एक्सपी डॉसमधून चढवण्याची वेळ आली तेव्हा आधी स्मार्टड्राइव्ह सुरू करा, अशी सूचना जाणकार देत. नाही केलं तर नुसत्या फाइली उतरवून घ्यायला तासन्‌तास लागायचे. संगणकदुरुस्तीची मुलं हे मंत्रासारखं पाठ म्हणायची, पण का, ते सांगायची नाहीत. का ते आता तुम्हाला कळलं असेल.

१९९२ साली विंडोज ३.१ बरोबर आलेल्या आवृत्तीपासून स्मार्टड्राइव्ह नुसतं वाचलेलं साठवत नव्हता, लिहायचंही साठवायला लागला. म्हणजे तुम्ही हार्डडिस्कवर फाइल कॉपी केलीत, ती मेमरीतल्या कोठारात गेली, आणि मशीनला सवड झाली की डिस्कवर उतरायची. पण पडद्यावर 'वन फाइल कॉपीड' ही अक्षरं कधी यायची? कोठारात गेल्याबरोबर. डिस्कवर अजून काही नाही, आणि मशीन म्हणतंय, झालं.

वेग वाढला यात शंका नाही. पण कशानं वाढला ते नीट बघा. एक्सकॉपीनं फेऱ्या कमी केल्या, गाठोडं बांधल्यानं पावत्या कमी झाल्या. ती खरी बचत. इथं काम कमी झालेलं नाही. फक्त 'झालं' हा शब्द अलीकडे ओढला. दुकानदारानं माल पोचायच्या आधी पोच लिहून घ्यावी तसं. आणि खानदेशात नव्वदच्या दशकात या दोन क्षणांच्या मध्ये काय यायचं, हे मी सांगायला नको. लाइट जायची. दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्या भुसावळकडच्या लोकांना, दीपनगरचं वीजकेंद्र उशाशी असल्यामुळे, समजावून द्यावी लागत नसे. समजा, महाविद्यालयाच्या कचेरीत कुणी शुल्काच्या नोंदींची फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवली, पडद्यावर 'झालं' वाचलं, निश्चिंत मनानं मूळ फाइल पुसली आणि तेवढ्यात वीज गेली. नक्कल कोठारात होती. कोठार विजेवर उभं होतं. आणि रजिस्टराचं पान अर्धवट लिहिलं गेलं असेल तर जुन्या फाइलींचाही पत्ता हरवण्याची भीती. ज्याचं नुकसान झालं तो म्हणणार, मी माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं की कॉपी झाली. तो खोटं बोलत नाही.

डॉस ६.० मध्ये, १९९३ साली, हे उशिरानं लिहिणं आपोआप चालू असायचं. त्याच वर्षाच्या शेवटी ६.२ आली आणि तिनं रीत बदलली : प्रॉम्प्ट परत द्यायच्या आधी साठलेलं सगळं डिस्कवर उतरवायचं. म्हणजे 'झालं' या शब्दाला पुन्हा त्याचा अर्थ मिळाला. उशिरा लिहिणं पूर्ण बंद करायचं असेल तर 'स्लॅश एक्स', आणि आत्ता लगेच सगळं उतरव असं सांगायचं तर 'स्मार्टड्राइव्ह स्लॅश सी'. जुनी आवृत्ती असेल तर मशीन बंद करण्याआधी ही शेवटची आज्ञा देण्याचा नियमच करावा. युनिक्सवाल्यांच्या जुन्या पिढीत 'सिंक' ही आज्ञा दोन-तीनदा टंकून मगच मशीनला हात लावायची सवय होती, ती याच भीतीतून. आणि पेनड्राइव्ह ओढण्याआधी 'सेफली रिमूव्ह' करा म्हणून नातवंडं तुम्हाला दटावतात ना, तेही हेच.

आता तुम्ही म्हणाल, मग तपासून घ्यावं. डॉसमध्ये 'व्हेरिफाय' नावाची सोय आहे, ती चालू करावी. कॉपीला 'स्लॅश व्ही' जोडलं तरी तेच. ती नेमकं काय तपासते? लिहिलेला सेक्टर पुन्हा वाचते आणि त्याच्या शेवटी असलेला बेरजेसारखा आकडा जुळतो का बघते. म्हणजे लिहिलेलं वाचता येतंय का, एवढंच. मूळ फाइलीशी ती ताडून पाहत नाही! पोथीचा लेखक आपलं अक्षर सुवाच्य आहे ना ते बघतो आणि खूश होतो. शब्द मुळातलाच आहे का, ते बघतच नाही. आणि एवढ्याशा समाधानासाठी फ्लॉपीला दर लिहिण्यामागे आणखी एक फेरा, सेकंदाचा पाचवा भाग, थांबावं लागतं. म्हणून वेग हवा असणारे लोक व्हेरिफाय बंद ठेवा म्हणतात, आणि डॉसमध्ये ती मुळात बंदच असते. मी त्या लोकांशी सहमत आहे, पण एका अटीवर.

अट सांगण्याआधी माझ्या घरचं दोन मिनिटं बोलू द्या. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, त्या परंपरेच्या सावलीत आम्ही वाढलो, तेव्हा एवढा हक्क मला असावा. आपल्या दर्शनांत एक जुना वाद आहे. एखादं ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरतं? मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते स्वतःच प्रमाण. उलट पुरावा येईपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवा. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य बाहेरून ठरतं. लांबून पाणी दिसलं, तिथं गेलो, प्यायलो, तहान भागली. तेव्हा ते मृगजळ नव्हतं हे कळलं. 'वन फाइल कॉपीड' वाचून उठून जाणारा माणूस मीमांसक आहे. रोजच्या कामात मीमांसक व्हावंच लागतं, नाहीतर चहासुद्धा पिता येणार नाही. पण मूळ पुसून टाकण्याच्या क्षणी माणसानं नैयायिक व्हावं. ही माझी अट.

डॉसमध्ये नैयायिकाचं हत्यार आहे 'एफसी', आणि त्याला जोडून 'स्लॅश बी'. दोन फाइली बाइटला बाइट लावून बघते आणि जिथं फरक असेल ती जागा दाखवते. प्रूफ तपासताना एक जण मूळ वाचतो, दुसरा छापील पान बघतो, तसं. पण इथंही खोच आहे. कॉपी करून लगेच एफसी चालवलीत आणि स्मार्टड्राइव्ह चालू असेल, तर ती 'नक्कल' डिस्कवरून न येता कोठारातूनच येण्याची शक्यता असते. साक्षीदार म्हणून आरोपीलाच उभं केल्यासारखं झालं. तेव्हा आधी स्लॅश सी, मग मशीन बंद करून पुन्हा चालू करा, आणि मग ताडून बघा. यात पाच मिनिटं जातात. कॉपी करताना आपण जी वाचवली, त्यांतलीच ही पाच.

फाइली जोडण्याबद्दल एक वाक्य सांगून हा भाग संपवतो. कॉपी आज्ञेनं अधिकचं चिन्ह घालून दोन फाइली एकात एक जोडता येतात, पण तेव्हा डॉस त्यांना साधा मजकूर समजतं आणि २६ क्रमांकाचं चिन्ह भेटलं की फाइल संपली असं धरतं. पुढचं सगळं निमूटपणे गळतं. 'स्लॅश बी' घातलं की गळत नाही. आपण मराठी माणसांनी पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर, इस्की संकेतात, बरंच काही टंकून ठेवलं त्या काळात. शुद्ध इस्कीतली देवनागरी अक्षरं वरच्या क्रमांकांची असतात, त्यांना हा धोका नाही. पण वर्ड प्रोसेसरच्या फाइलींत अक्षरांखेरीज इतर खुणा असतात, त्यांचा भरवसा धरू नये.

प्रश्न असतील तर विचारा.

(एका श्रोत्यानं विचारलं : आता डॉस कोण वापरतं? हे ऐकून आम्ही करायचं काय?)

प्रश्न रास्त आहे. एखाद्या जुन्या वजनकाट्याला, कारखान्यातल्या एखाद्या जुन्या लेथला किंवा प्रयोगशाळेतल्या उपकरणाला जोडलेलं डॉसचं मशीन अजून चालू असलेलं तुम्हाला भेटू शकतं. यंत्र उत्तम चालत असेल तर मालक संगणक कशाला बदलेल? त्यातली माहिती बाहेर काढण्याची वेळ आली की हे सगळं लागतं. पण खरं कारण वेगळं आहे. नव्वदच्या दशकात मराठीत जे टंकलं गेलं, संस्थांच्या कामात, प्राध्यापकांच्या प्रबंधांत, स्थानिक स्मरणिकांत, त्याचा पुष्कळ भाग फ्लॉप्यांवर राहिला. कागद शंभर वर्षं टिकतो, पोथी तीनशे. फ्लॉपीवरचं चुंबकीय अक्षर तीस वर्षांत विरळ होतं. राजवाड्यांनी दप्तरं शोधत गावं पालथी घातली, तशी आपली कपाटं पालथी घालायची वेळ आली आहे, आणि मुदत फार नाही.

(दुसऱ्या श्रोत्या : माझ्या वडिलांच्या वीस-पंचवीस फ्लॉप्या आहेत, साडेतीन इंची. त्यांचं लेखन आहे त्यात. घाईनं कॉपी करू की सावकाश?)

ताई, तुमच्या बाबतीत घाई आणि काळजी दोन्ही एकाच वाटेनं जातात. फाइली एकेक करून उघडू नका. प्रत्येक फाइलीसाठी हेड चावडीवर जाणार, आणि त्या कडेच्या ट्रॅकावर पुन्हा पुन्हा घासणार. तिथंच सगळं दप्तर असतं आणि तेच आधी झिजवणं परवडणारं नाही. त्याऐवजी फ्लॉपीची पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत एका दमात सबंध प्रतिमा काढून घ्या. लिनक्सवर 'डीडीरेस्क्यू' नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग घेतो आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतो. मग फाइली त्या प्रतिमेतून काढा, हव्या तितक्या वेळा. अक्षरं उलटीसुलटी दिसली तरी घाबरू नका, इस्कीतून युनिकोडमध्ये आणता येतात. युनिकोडची देवनागरी इस्कीवरच बेतलेली आहे. मूळ फ्लॉपी पुसू नका, टाकूही नका. आणि मशीनमध्ये घालण्याआधी मागची ती छोटी खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर कुणाला काही लिहिता येणार नाही. वडिलांनी लेबलावर पेनानं काय लिहिलंय ते आधी वहीत उतरवून घ्या. डिंक वाळून सुटलेलं लेबल ड्राइव्हमध्ये अडकतं, आणि ते काढताना हमखास फाटतं.